जमीन, तारीख आणि पुरावा : महाराष्ट्रातील आदिवासी जमीनहक्क धोरणाची कथा

१/ दि. १६ ऑगस्ट १९७५. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील दागुरागू या वस्तीवर पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी मूठभर माती उचलली आणि गुरिंजी जमातीचे वयोवृद्ध नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या तळहातावर ओतली. नऊ वर्षांच्या लढ्यानंतर जमीन परत मिळाल्याची ती खूण होती. त्या क्षणाचे छायाचित्र आज जगभर ओळखले जाते.

२/ त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९७५ रोजी, अनुसूचित जमातींच्या हस्तांतरित जमिनी त्यांना परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात अमलात आला. त्याचे असे एकही छायाचित्र आपल्या स्मरणात नाही. शालेय पाठ्यपुस्तकात मी त्याच्याविषयी वाचल्याचे आठवत नाही. आजचा हा धागा त्या कायद्याचा, त्याच्या आधीच्या पाऊणशे वर्षांचा आणि त्याच्या नंतरच्या वनहक्क कायद्याचा.

३/ आरंभीच एक सूत्र सांगून ठेवतो. जमिनीचे धोरण वाचताना आपले लक्ष 'कोणाला किती' याकडे जाते. मात्र खरी कळ दोन लहान गोष्टींत असते : कायद्यात कोणती तारीख लिहिली आहे, आणि कोणता पुरावा ग्राह्य धरला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही प्रश्न परिचयाचे आहेत. म्हणूनच हा विषय केवळ वकिलांवर सोपवून चालणार नाही.

४/ कथा पुण्यातच सुरू होते. ऑगस्ट १९०१. मुंबई विधिमंडळाची पावसाळी बैठक पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरली होती. दोन भीषण दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते. शेतसारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यावी, मात्र जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता किंवा गहाण ठेवता येऊ नये, अशी तरतूद असलेले जमीन महसूल दुरुस्ती विधेयक सरकारने मांडले.

५/ सरकारचा युक्तिवाद असा : जमीन विकताच आली नाही, तर ती सावकाराच्या घशात जाणार नाही. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यास कडाडून विरोध केला. शेतकऱ्याची मालकी काढून त्याला सरकारचे कूळ करण्याचा हा डाव आहे, आणि जमिनीवर कर्जच मिळेनासे झाले तर तो जगणार कसा, असा त्यांचा प्रश्न होता. विधेयक रेटले जात आहे हे पाहून मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृहाबाहेर पडले.

६/ सभात्यागाची ही घटना राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. विधेयकाचे पुढे काय झाले, हे क्वचितच सांगितले जाते. ते मंजूर झाले. सातबाऱ्यावर आजही भेटणाऱ्या 'नवी शर्त' या शब्दाचे मूळ याच दुरुस्तीत आहे. तिच्यातून आलेले हस्तांतरणबंदीचे कलम ७३अ पुढे आदिवासी मुलखांतील जमिनींसाठीही वापरण्यात आले.

७/ या ठिकाणी घाईने बाजू घेऊ नये. गोखल्यांची शंका खरी होती : विकण्याचा हक्क नसलेली जमीन बाजारात पत मिळवून देत नाही. सरकारचे म्हणणेही सर्वस्वी खोटे नव्हते : विकण्याचा हक्क असलेली जमीन पहिल्याच दुष्काळात हातची जाते. संरक्षण की स्वातंत्र्य, हा पेच १९०१ मध्ये पुण्यात मांडला गेला आणि आदिवासी जमिनीच्या प्रत्येक धोरणात तो नव्याने उभा राहतो.

८/ सावकारीचा प्रश्न त्याआधीच रक्तबंबाळ झाला होता. १८७५ मध्ये सुपे येथून दख्खनचे दंगे पेटले आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारण कायदा झाला, हे आपण वाचतो. त्याच काळात पुणे, नगर, ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाजातील होन्या केंगले याने सावकारांविरुद्ध बंड उभारले होते. १८७६ मध्ये तो पकडला गेला. मैदानातल्या दंग्यांवर आयोग बसला. डोंगरातले बंड 'दरोडेखोरी' या सदरात नोंदले गेले. दप्तरात कोणते सदर मिळते, यावरही न्याय ठरतो.

९/ दुसरीकडे जंगल जात होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित वनांची विभागणी पक्की केली. या कायद्याला पुणे सार्वजनिक सभेने हरकत घेतली होती. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्यावर कोरडे ओढले. गावाची चराई, सरपण, फळे-फुले ही कालपर्यंत वहिवाट होती. आता ती सवलत झाली, आणि नंतर गुन्हा.

१०/ आता १९३० च्या दशकाच्या अखेरीस येऊ. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिम व डोंगरी जमातींचा अहवाल तयार केला. अहवालाच्या शीर्षकातच 'ॲबॉरिजिनल' हा शब्द होता. आज तो ऐकताच आपल्याला ऑस्ट्रेलिया आठवतो. तेव्हाच्या सरकारी कागदांत तो आपल्या वारली, कातकरी, भिल्लांसाठीही सर्रास वापरला जाई.

११/ सरकारी नोकराने लिहिलेला हा अहवाल बराच परखड आहे. लग्नासाठी थोडे कर्ज, त्यापोटी जमीन गहाण, मग त्याच जमिनीवर वेठबिगारी, असे चक्र त्यात नोंदले गेले. ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे बांधल्या गेलेल्या वारल्यांना 'लग्नगडी' म्हणत. धोरणाच्या इतिहासात अशा अहवालांचे स्थान विचित्र असते : सरकारला सर्व ठाऊक असल्याचा तो लेखी पुरावा असतो.

१२/ याच सुमारास पुणे या चर्चेचे केंद्र झाले. १९४१ मध्ये ठक्कर बाप्पांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात आदिवासींच्या प्रश्नाची मांडणी केली. १९४३ मध्ये याच संस्थेने डॉ. गो. स. घुर्ये यांचा 'द ॲबॉरिजिन्स सो-कॉल्ड अँड देअर फ्यूचर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. घुर्ये यांचा मुख्य रोख होता व्हेरियर एल्विन यांच्यावर. योगायोग असा, की एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातच.

१३/ एल्विन म्हणत : या समाजांचे बाहेरच्या आक्रमणापासून रक्षण करा. घुर्ये म्हणत : हे वेगळे 'मूळ रहिवासी' नव्हेत, हे मागासलेले हिंदू आहेत, त्यांना मुख्य समाजात येऊ द्या. हा वाद आजही गाजतो. मात्र जमिनीच्या मुद्द्यावर दोघांच्या निरीक्षणांत फारसे अंतर नव्हते. ब्रिटिशांची महसूल व न्यायपद्धती आली आणि जमीन हातची गेली, हे दोघेही सांगत होते. आपण ओळखीवर भांडत राहिलो; जमिनीवरचे मतैक्य ग्रंथातच राहिले.

१४/ ते ग्रंथाबाहेर काढले आंदोलनांनी. पुण्यात जन्मलेल्या, गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात काम केलेल्या गोदावरी परुळेकर ठाणे जिल्ह्यात गेल्या. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची मोठी परिषद झाली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला. मृतांमध्ये जेठ्या गांगड हा कार्यकर्ता होता. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचे पुस्तक याच लढ्याचे.

१५/ स्वातंत्र्यानंतर एक मोठी सुधारणा झाली आणि तिच्या पोटात एक आपत्ती लपली होती. कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा जुन्या मुंबई प्रांताच्या भागात 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. तत्त्व न्याय्यच होते. पण ज्या आदिवासी खातेदाराने अडचणीत जमीन बिगर-आदिवासी सावकाराला किंवा सधन शेतकऱ्याला कसायला दिली होती, त्याच्या बाबतीत काय झाले?

१६/ कागदावर तो 'जमीनमालक' होता आणि जमीन बळकावणारा 'कूळ'. त्यामुळे कसणाऱ्याच्या भल्यासाठी आलेल्या कायद्याने कित्येक ठिकाणी आदिवासींची जमीन कायदेशीर मार्गाने बिगर-आदिवासींकडे गेली. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर मैदानी प्रदेशातील कूळ आणि जमीनदार होते. सातपुड्यातील किंवा डहाणूतील गहाणखत नव्हते.

१७/ १९७१-७२ मध्ये धुळे जिल्ह्यातील शहादे भागात (आजचा नंदुरबार जिल्हा) अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल नेत्याच्या पुढाकाराने भूमुक्तीचे आंदोलन उभे राहिले. पुढे श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनींच्या नोंदी काढणे, तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार तपासणे आणि मग प्रत्यक्ष शेतावर जाणे, अशी कामाची रीत होती. कागद वाचणे हेदेखील आंदोलन असते, हे शहाद्याने दाखवले. अंबरसिंग यांचे निधन १९७४ च्या आरंभी झाले. ज्या कायद्यासाठी ही जमीन तयार झाली, तो त्यांना पाहता आला नाही.

१८/ १९७१ मध्येच सरकारने या प्रश्नावर समिती नेमली होती. तिचा अहवाल पुढच्या वर्षी आला. त्यातून दोन कायदे निघाले. पहिल्याने महसूल संहितेत कलम ३६अ घातले : ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी आणि तीही राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेने. दुसरा कायदा मागे पाहणारा, म्हणजे आधी गेलेली जमीन परत देणारा.

१९/ या दुसऱ्या कायद्याची चौकट पाहा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेले हस्तांतरण तपासायचे. जिल्हाधिकारी स्वतःहून चौकशी सुरू करू शकत होता, किंवा आदिवासीने अर्ज करायचा. मूळ कायद्यात अर्जाची मुदत तीन वर्षे. जमीन परत घेताना शेतसाऱ्याच्या ४८ पट रक्कम आणि सुधारणांची किंमत भरायची; ती जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत फेडता येई. शिवाय जमीन स्वतः कसण्याची हमी द्यायची.

२०/ आता तारखा पुन्हा वाचा. १९५७ ही कृषक दिनाची तारीख. म्हणजे एका सुधारणेने जे अनवधानाने केले, ते दुसरीने दुरुस्त करायला घेतले. धोरण आपली चूक अशी क्वचितच कबूल करते. पण ज्याची जमीन १९५६ मध्ये गेली, त्याचे काय? ज्या जमिनीवर ६ जुलै १९७४ पूर्वीच बिगरशेती वापर सुरू झाला, तिचे काय? अन्याय तोच, फक्त तो चौकटीबाहेर घडला.

२१/ एका बाबतीत मात्र या धोरणाने दूरदृष्टी दाखवली. त्या काळी अनुसूचित जमातींची यादी प्रदेशाशी बांधलेली होती : विशिष्ट भागात राहणारा गोंड 'अनुसूचित', शेजारच्या तालुक्यातला तोच गोंड नाही. १९७४ च्या दुरुस्तीने यादीतील भागाबाहेर राहणाऱ्या त्याच जमातींच्या लोकांनाही जमिनीपुरते संरक्षण दिले. प्रदेशाची ही अट सर्वसाधारणपणे दूर झाली ती १९७६ मध्ये, संसदेच्या कायद्याने.

२२/ साहजिकच कायद्याला आव्हान मिळाले. लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरवला. खरेदीखत झाले, पैसे दिले, मग आता जमीन कशी काढून घेता, हा खरेदीदारांचा सवाल होता. न्यायालयाने वितरणात्मक न्यायाचा आधार घेतला : विषम बळाच्या दोघांतील करार कागदावर स्वेच्छेचा दिसला, तरी राज्याला तो पुन्हा तपासता येतो.

२३/ शेतजमिनीनंतर वनजमीन. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर २५ ऑक्टोबर १९८० ही 'अतिक्रमणा'ची सीमारेषा झाली. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांकडे कागद मागितला गेला. कागद असणार कुठून? फार तर एकसाली पट्ट्याची किंवा दंडाची पावती. गुन्ह्याची पावती हाच वहिवाटीचा पुरावा, असा हा उलटा न्याय. १९९५ मध्ये प्रदीप प्रभू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागदाखेरीज अन्य पुरावाही पाहण्याची वाट मोकळी केली.

२४/ २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि त्याच्या नियमांनी हीच वाट रुंद केली. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे : सरकारी नोंदी, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन. दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. मेंढा-लेखा या गडचिरोलीतील गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अगदी पहिल्यांपैकी हा एक. मात्र स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले.

२५/ आता माझा स्वतःचा एक अनुभव. प्रबंधाच्या निमित्ताने आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात गेलो असता एका वनहक्क समितीच्या बैठकीला बसण्याची संधी मिळाली. एक आजी निवेदन देत होत्या. सन विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सन मला काय म्हाईत? पानशेत फुटलं त्या साली माझं लगीन झालं. तवा बी ही खाचरं व्हतीच की." लिहून घेणाऱ्या मुलाने क्षणभर विचार केला आणि लिहिले : १९६१.

२६/ पानशेत म्हणजे आम्हा पुणेकरांची आठवण. १२ जुलै १९६१ चा पूर. त्या दिवशी डोंगरातल्या एका भाताच्या खाचराला तिने सनावळी मिळवून दिली. आम्ही वर्गात शिकतो तसा हा साधनचिकित्सेचा प्रसंग होता : मौखिक साक्ष, स्वतंत्र घटनेशी ताळा, आणि काळनिश्चिती. फरक एवढाच, की येथे चुकले तर गुण जात नाहीत, जमीन जाते.

२७/ बैठक संपल्यावर आणखी एक गोष्ट कळली. आजींना, अनुसूचित जमातीच्या असल्याने, १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवली की पुरते. बांधापलीकडच्या धनगर कुटुंबाला मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनाच्या आधारे राहिल्याचे सिद्ध करावे लागते. म्हणजे १९३० पर्यंत मागे. त्यांच्या घरात १९३० आठवणारे आता कोणीही हयात नाही.

२८/ ऑस्ट्रेलियातही तारखेने पाठ सोडली नाही. १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी जमीनहक्क कायदा झाला, पण ५ जून १९९७ नंतर नवा दावा दाखल करता येणार नाही, अशी मुदत पुढे घालण्यात आली. १९९२ च्या माबो निकालाने वसाहतपूर्व हक्क मान्य केला, मात्र परंपरा अखंड असल्याचा पुरावा देण्याचे ओझे दावेदारावरच राहिले. ज्यांना हुसकावले गेले, त्यांनीच सिद्ध करायचे की आपण तुटलो नाही.

२९/ मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले. त्यांतील बहुसंख्य आदिवासी होते आणि वनहक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. रक्ताळलेल्या पायांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि दोन आठवड्यांतच त्याला स्थगितीही दिली. मे २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने महाराष्ट्रात फेटाळलेल्या दाव्यांसाठी विभागीय पातळीवर अपिलाची सोय झाली. म्हणजे विषय संपलेला नाही.

३०/ पुण्यात कौन्सिल हॉलपासून थोड्याच अंतरावर, क्वीन्स गार्डन भागात, १९६२ मध्ये स्थापन झालेली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिचे संग्रहालय अवश्य पाहा. एका इमारतीत जमीन विकू द्यावी की नाही यावर वाद झाला. दुसरीत ती गमावलेल्यांची भांडी, मुखवटे, चित्रे जपून ठेवली आहेत. मधल्या रस्त्यावरून जाताना मला हटकून त्या खाचराची आठवण होते.

३१/ आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या स्पर्धा परीक्षा देऊन याच खात्यांत जातील. कोणीतरी मसुदा लिहील, कोणी तलाठी म्हणून नोंद घेईल, कोणी अपील ऐकेल. तेव्हा मसुद्यात तारीख घालताना एकदा विचारा : या तारखेच्या एक दिवस आधी कोण उभे आहे? आणि पुराव्याची यादी करताना विचारा : ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्याकडे दुसरे काय आहे?

३२/ आणि तोवर एक काम. आपल्या घरात, गावात 'बाहत्तरचा दुष्काळ', 'पानशेतचं साल', 'भूकंपाचं साल' अशा खुणांनी काळ सांगणारी माणसे असतील, तर त्यांचे बोलणे नाव, गाव आणि जागेच्या खुणांसह लिहून ठेवा. पुढच्या धाग्यात १८८५ च्या मुंबई वन आयोगाविषयी लिहीन. काही चुकले असल्यास निःसंकोच दाखवून द्यावे.